आजीच्या डब्यातले ४३ बंदे रुपये: मोडायचे, विकायचे की ठेवायचे?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गिरगावातली आमची चाळ अखेर पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करून द्यायची म्हणून माळ्यावरचं सगळं खाली काढलं. त्यात डालड्याचा पत्र्याचा डबा, डब्यात पंच्याची पुरचुंडी आणि पुरचुंडीत चांदीचे ४३ रुपये. आजीला (वय ९१) दाखवले तर म्हणाली, "ते होय? मामंजींचे. सरकार बदलून मागत होतं, त्यांनी दिले नाहीत." आणि पुन्हा मालिका बघायला लागली.

मोजदाद अशी: राणी छाप ६ (एक १८४०, दोन १८६२, बाकी 'एम्प्रेस' लिहिलेले), सातवा एडवर्ड ९, पंचम जॉर्ज १७, सहावा जॉर्ज ११. चार नाण्यांना वर कडी डाकलेली आहे, बहुतेक कुणाच्या तरी माळेतून निघालेली.

धाकट्या भावाचं म्हणणं, चांदी इतकी चढली आहे, फुंकून टाकू आणि पैसे म्युच्युअल फंडात घालू. आईचं म्हणणं, लक्ष्मी घरातून बाहेर काढायची नसते. मी एका शनिवारी झवेरी बाजारात जाऊन आलो. पहिल्याच पेढीवर शेठने पुरचुंडी तळहातावर तोलली, एकही नाणं उलटून न बघता म्हणाला, "सरसकट हजार रुपये नग." मी घरी आलो.

प्रश्न एकच. पणजोबांनी हे रुपये ठेवले हा शहाणपणा होता का? आणि आता मी ठेवले तर तो माझा शहाणपणा ठरेल का? (बरोबर, दोन झाले.)

---

हिशेबी_माणूस

आधी धातू बोलू, भावना मागाहून.

राणीच्या काळापासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे १८० ग्रेन, म्हणजे बरोब्बर एक तोळा. चांदी ९१.७ टक्के, उरलेला तांब्याचा मेळ. म्हणजे निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम. हल्ली सराफ तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा असतो, तेव्हा 'एका रुपयात एक तोळा' या हिशेबाने बसलात तर आकडा चुकेल.

सहाव्या जॉर्जचे ११ कोणत्या सालचे आहेत? १९४० पासून पुढचे असतील तर त्यात चांदी फक्त ५० टक्के. बाकी तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. वजन तेच, चांदी ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, त्यात चांदी शून्य.

सोयीसाठी किलोला दीड लाख धरतो, तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला. २०२५ च्या दिवाळीत चांदी कुठे गेली आणि दिवाळी संपता संपता कुठे आली ते सगळ्यांनी पाहिलंच आहे. दीड लाखाने जुन्या रुपयात १,६०० ची चांदी, अर्ध्या चांदीच्यात ८७५ ची. तुमचे ३२ जुने आणि ११ नवे धरले तर ४०० ग्रॅमच्या वर निव्वळ चांदी, सुमारे ६१,००० रुपये. शेठ देत होता ४३,०००. झिजेची घट आणि त्याचा नफा वजा केला तरी एवढा फरक पडत नाही.

---

चौथा_मजला

अकराच्या अकरा १९४२ ते ४५ मधले निघाले. कडेला मधोमध एक खाच फिरवलेली आहे, बाकीच्यांना नुसत्या उभ्या रेघा.

---

बंदा_रुपया

बरोबर, ती खाच हीच अर्ध्या चांदीची खूण. चांदी कमी केल्यावर खोटी नाणी पाडणं सोपं होणार होतं, म्हणून सरकारने कड बदलली. त्यातल्या एखाद्यावर एल अक्षर असेल तर तो लाहोर टांकसाळीचा. मुंबईचे ठिपक्याने किंवा चौकटच्या खुणेने ओळखायचे. मुंबईची टांकसाळ म्हणजे आपली फोर्टातली, रिझर्व्ह बँकेसमोरची. १८२० च्या दशकात बांधलेली इमारत आहे आणि तिच्यावरून रोज जाणाऱ्या निम्म्या लोकांना आत काय चालतं ते माहीत नसतं.

आता कृपा करून एक सांगा. नाणी घासली नाहीत ना?

---

चौथा_मजला

...

आईने दिवाळीच्या साफसफाईत वीसएक घासली. रांगोळी आणि चिंच. आरशासारखी चकचकीत झाली आहेत.

---

बंदा_रुपया

🙏 दंडवत.

जाऊ दे, आमच्या घरीही हेच झालं होतं. पण लिहून ठेवतो, पुढच्याला उपयोगी पडेल. चांदीवर वर्षानुवर्षांत जो काळसर, कधी निळसर थर चढतो तो मळ नसतो. संग्राहक त्याचेच पैसे देतो. रांगोळीच्या कणांनी राणीच्या गालावर बारीक ओरखडे उठतात, भिंग लावलं की सगळे एका दिशेने गेलेले दिसतात. असं नाणं संग्राहकाच्या बाजारातून उठलं, ते धातूच्या भावाला गेलं. डाकलेली चार नाणीसुद्धा त्याच ढिगात. कडी काढून तो डाग घासून 'पूर्ववत' करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

पंचम जॉर्जच्या सतरांत १९११ सालचा आहे का? असेल तर कोणी घासला?

---

चौथा_मजला

आहे! एक. सुदैवाने आईचा हात तिथवर पोचला नव्हता. काळाकुट्ट आहे.

---

बंदा_रुपया

मग ही गोष्ट ऐका. या रुपयावर राजाने झगा घातला आहे आणि गळ्यात मानाची साखळी आहे, तिच्यात एक हत्ती. कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड केली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात नाराजी पसरली, नाणी परत मागवली, बरीचशी टांकसाळीबाहेर पडायच्या आधीच आटवली गेली. १९१२ पासून सोंड लांब झाली. १९११ चा आणि १९१२ चा रुपया शेजारी ठेवा, भिंगातून राजाच्या छातीवरची साखळी बघा. एकदा दिसलं की मग दिसतच राहतं.

म्हणून १९११ ला नेहमीपेक्षा जास्त भाव मिळतो. लाखो वगैरे नाही, उगाच फ्लॅटचं डिपॉझिट धरून बसू नका. पण धातूच्या काही पट मिळेल.

खरा दुर्मिळ म्हणजे १९३९ चा, सहाव्या जॉर्जचा. तुमच्याकडे नाही, आणि कुणाकडे 'आहे' म्हणून आला तर आधी संशय घ्या. १९३८ च्या ८ ला कोरून ९ करतात. चोरबाजारात मटण स्ट्रीटला मला एकाच सकाळी असे तीन दाखवले होते.

आणि १८६२ छापलेला म्हणजे १८६२ सालचाच असं नाही. १८७४ पर्यंत तीच तारीख ठेवून नाणी पाडली, खरं साल बारीक ठिपक्यांवरून लागतं. ठिपके मोजा आणि इथे टाका.

---

लोकल_सुटली

एवढं सगळं वाचून मला एकच कळलं: १९४३ मध्ये राखून ठेवलेला जुना एक रुपया आज १,६०० रुपये! सोळाशे पट! आणि लोक चांदीला गुंतवणूक मानत नाहीत. +१ पणजोबांना.

---

हिशेबी_माणूस

@लोकल_सुटली, सोळाशे पट ऐकायला झकास. ८२ वर्षं लागली हे पण लिहा. चक्रवाढीने वर्षाला ९.४ टक्के पडतात. वाईट नाही, पण डोळे दिपावेत असंही नाही.

दुसरं, तुम्ही शेवटचं स्टेशन बघताय, मधली गाडी किती वेळ कुठे थांबून राहिली ते बघा. मुंबईचा वर्षाचा सरासरी भाव १९९०-९१ मध्ये किलोला पावणेसात हजारांच्या घरात होता. २०००-०१ मध्ये पावणेआठ हजारांच्या जरा वर. दहा वर्षांत हजार-अकराशे! वर्षाला दीड टक्का. त्याच दहा वर्षांत पीपीएफवर जवळजवळ सगळा काळ १२ टक्के मिळत होते, पैसे तिप्पट झाले. कुणी १९९० मध्ये मुलीच्या लग्नासाठी म्हणून चांदी घेऊन ठेवली असेल तर २००० मध्ये त्याने काय खाल्लं असेल?

पुढचं जवळचं आहे. एप्रिल २०११ ला चांदी ७० हजारांच्या पुढे. २०१५ संपताना ३४ हजारांच्या आसपास. निम्म्याहून खाली. वरचा आकडा परत बघायला ऑगस्ट २०२० उजाडला. नऊ वर्षं तिजोरीत ठेवायची, त्यावर ना व्याज ना लाभांश, आणि लॉकरचं भाडं वेगळं.

---

खारा_वारा

पण नाण्याला एक गोष्ट आहे जी फंडाला नाही. फंड पडला की माणूस मोबाइल उघडून विकून टाकतो. डालड्याचा डबा कोण उघडून बघतो? आमच्याकडे १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं आहे, वडिलांनी बँकेतून दहा रुपये देऊन घेतलेलं. ते ५६ वर्षं कपाटात पडून राहिलं कारण कुणाला त्याची आठवणच नव्हती.

---

हिशेबी_माणूस

@खारा_वारा, हे उदाहरण फार चांगलं दिलंत. ते नाणं १५ ग्रॅमचं, चांदी ८० टक्के, म्हणजे निव्वळ १२ ग्रॅम. दीड लाखाच्या भावाने १,८०० रुपये. दहाचे अठराशे, वर्षाला पावणेदहा टक्के. पण हेच २०००-०१ मध्ये विकलं असतं तर चौऱ्याण्णव रुपये आले असते, वर्षाला सव्वासात-साडेसात टक्के. २०१५ च्या शेवटी विकलं असतं तर ४००, साडेआठच्या आत. नाणं तेच, कपाट तेच. कुठल्या वर्षी दार उघडलंत त्यावर परतावा ठरला.

विसरलेली गुंतवणूक टिकते हे मात्र मान्य.

---

बंदा_रुपया

पणजोबांच्या शहाणपणाचा प्रश्न राहून गेला. तो मला जास्त आवडला.

बघा, १८९३ च्या जूनपर्यंत कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून आणावेत अशी सोय होती. त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत हातात हात घालून चालायची. मग जर्मनीसारख्या देशांनी चांदी सोडून सोनं धरलं, चांदी घसरत गेली, तिच्याबरोबर रुपयाही घसरला. शेवटी सरकारने टांकसाळी लोकांना बंद केल्या. तिथून पुढे रुपया म्हणजे चांदीवर छापलेली नोट. आतला धातू कमी किमतीचा, वरचा शिक्का जास्त किमतीचा. १९३० नंतरच्या मंदीत कुणी रुपया आटवला असता तर आठ आण्यांच्या आसपासची चांदी हाती आली असती. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या तरुणपणी 'चांदीत पैसा सुरक्षित' म्हणणाऱ्याला लोक हसले असते.

उलटंही झालं आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी टंचाई झाली की १९१७ च्या शेवटी एक रुपयाची नोट काढावी लागली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्या तिजोरीतली चांदी विकली, ती मोठ्या प्रमाणावर इकडे आली.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. लोक बंदे रुपये दाबून ठेवायला लागले, म्हणून १९४० मध्ये अर्ध्या चांदीचे काढले आणि जुने टप्प्याटप्प्याने चलनातून बाद केले. म्हणजे पणजोबांपुढे निवड सोपी नव्हती. दिला तर त्याच किमतीचं चालू नाणं किंवा नोट मिळत होती, नाही दिला तर दुकानात न चालणारा धातूचा तुकडा राहत होता. युद्ध चालू, धान्य रेशनवर. ४३ रुपये म्हणजे तेव्हा कामगाराच्या घरात थोडी रक्कम नव्हती. आणि त्यांनी त्यातल्या ३२ वर पाणी सोडून ते माळ्यावर टाकले. गुंतवणूक म्हणून केलं असेल असं मला वाटत नाही. सरकारच्या नोटेवर विश्वास नव्हता, एवढंच असेल.

अवांतर: ते अर्ध्या चांदीचे रुपये पुढे कुठे गेले माहीत आहे? युद्धात अमेरिकेकडून २२ कोटी औंसांवर चांदी उसनी घेतली होती, ती चांदीतच परत करायची होती. स्वतंत्र भारताने हेच रुपये आटवून आपला वाटा फेडला.

---

मेहता_नाही_मी_सीए_आहे

करावर कुणीच बोललं नाही म्हणून.

वारशाने मिळालेल्या नाण्यांवर मिळताना कर नाही. विकताना भांडवली नफा. दोन वर्षांपेक्षा जास्त धरलेली मालमत्ता, आणि आधीच्या मालकाचा काळ तुमच्याकडे मोजला जातो, म्हणजे दीर्घ मुदत. २३ जुलै २०२४ नंतर दर १२.५ टक्के, महागाईची सूट नाही. खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, पण तो धातूचा धरलात तर नगाला ऐंशी रुपयांच्या घरात येतो. म्हणजे जवळजवळ सगळी रक्कम नफाच.

"पूजेतली नाणी आहेत, घरगुती वापराची वस्तू आहे, कर कसला" असं म्हणणारे दर दिवाळीत भेटतात. एका संस्थानिकाच्या वतीने हाच युक्तिवाद सुप्रीम कोर्टात झाला होता, लक्ष्मीपूजनाला मांडतो म्हणून. १९७६ मध्ये कोर्टाने तो मानला नाही.

नाणी आजीच्या मालकीची असतील आणि तिला दुसरं फारसं उत्पन्न नसेल तर तिच्याच नावाने विका, पैसे तिच्याच खात्यात. निवासी व्यक्तीचा असा नफा मूळ करमुक्त मर्यादेच्या उरलेल्या भागात बसवता येतो. पावती पक्की घ्या.

---

परदेशी_भाचा

मी न्यू जर्सीला असतो. आमच्याही घरी अशी पंधरा-वीस आहेत. पुढच्या वेळी इकडे घेऊन यावीत का? इथे ग्रेडिंग करून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात, भाव चांगला येतो म्हणे.

---

बंदा_रुपया

@परदेशी_भाचा, नका. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर न्यायला मनाई आहे. १९२० च्या आतला पंचम जॉर्जही आता त्यात बसतो. विमानतळावर 'आजीची आठवण' सांगून सुटका होत नाही.

---

लालबागचो_झील

माका एक सांगा. व्हॉट्सॲपवर इलेला, वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याक दहा लाख. फॉर्म भरूक रिझर्व्ह बँकेच्या नावान दोन हजार मागतत. भरू काय?

---

हिशेबी_माणूस

नको रे बाबा! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच पत्रक काढून सांगितलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत बँक नाही आणि असलं कमिशन मागत नाही. जुनी नाणी बघायचीच असतील तर फोर्टात सर पी. एम. रोडवर त्यांचं नाण्यांचं संग्रहालय आहे, दोन हजारांपेक्षा स्वस्त पडेल.

---

चौथा_मजला

उशिरा लिहितोय, माफी. सामान ट्रान्झिटच्या घरात लावण्यात पंधरा दिवस गेले.

या वेळी हिशेबींचा आकडा चिठ्ठीवर लिहून घेतला आणि आईलाही बरोबर नेलं. मुंबादेवीचं दर्शन आधी, मग काम, ही तिची अट. गल्लीतल्या एका टंच काढणाऱ्याकडे (धातूची शुद्धता तपासणाऱ्याकडे) बसलो. खोली एवढीशी, खाली जमिनीवर जाळी, म्हणजे पायाला लागून धातूचा कण बाहेर जायला नको. तो म्हणाला, इथला केरसुद्धा झारेकरी, म्हणजे केरातून धातू वेचणारे, विकत घेतात.

त्याने मशीनखाली सरकवण्याआधी जुन्या बत्तिसांतलं प्रत्येक नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्याने टिचकी मारली. एकतीस नाणी खणखणीत वाजली, लांब घंटेसारखी. एडवर्डचं एक मात्र बद्द वाजलं. वजन केलं तर १०.२ ग्रॅम. मशीनने चांदीच दाखवली नाही. म्हणजे पणजोबांना कुणीतरी तेव्हाच खोटा रुपया चिकटवला होता आणि तो त्यांनी ऐंशी वर्षं जपायला ठेवला! आई इतकी हसली की टंचवाल्याने पाणी आणून दिलं.

बाकी जुने रुपये ११.४ ते ११.६ ग्रॅम भरले. टंच ९१ च्या आगेमागे.

ठरलं ते असं. सहाव्या जॉर्जचे ११, डाकलेले ४ आणि रांगोळीने घासलेल्यांतले १२ दिले. दोन पेढ्यांवर भाव विचारला, दुसरीने वजन, टंच, त्या दिवशीचा भाव, घट असं कागदावर मांडून दाखवलं, तिला दिले. पावती आजीच्या नावाने, पैसे आजीच्या खात्यात. भावाचा फंड राहिला बाजूला, आजीने त्यातून गुडघ्याच्या फिजिओथेरपीचे पैसे भरायला सांगितले.

उरलेले १६ ठेवले. त्यात १९११, १८४० आणि दोन्ही १८६२. आणि तो खोटा एडवर्ड. तो आजीने मागून घेतला, म्हणाली, "मामंजी कधी फसले नाहीत असं सांगायचे." आता तिच्या उशाखाली असतो.

---

खारा_वारा

आजींना नमस्कार सांगा. खोट्याचा फोटो टाका ना.

---

बंदा_रुपया

१८६२ चे ठिपके मोजायचे राहिलेत. पाठीमागे तारखेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे बघा, भिंग दहापटीचं हवं. मोबाइलचा झूम चालणार नाही.

आणि १९११ बद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.